अनंताला सोलापूरचं पाणी मानवेना

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. माहेर सिंधुदुर्गात, लग्न होऊन सहा वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी आईनं अंगणातल्या अनंताची फांदी रुजवून रोप दिलं. पहिलं वर्ष ते बरं वाढलं, चार फुलंही आली. मग शेंड्याची पानं पिवळी पडू लागली. आता नवी फूट येते तीच पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. खालची जुनी पानं अजून हिरवीच आहेत, फक्त टोकं करपलीत. कळ्या धरतात आणि उमलायच्या आधी गळतात. ताईंनी अंड्याची टरफलं, चहाचा चोथा, कांद्याच्या सालीचं पाणी, दर पंधरवड्याला चमचाभर डीएपी खत, असं सगळं घालून पाहिलं. यजमानांनी मोबाइलवर वाचून एप्सम सॉल्ट आणलं. सासूबाईंनी कुंडीत गंजके खिळे पुरले. झाड गच्चीवर, सिमेंटच्या कुंडीत, काळ्या मातीत आहे. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून झाडांना बोअरचं पाणी जातं, आणि वाया जाऊ नये म्हणून आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणीही.

ताई लिहितात, "आई त्या झाडाला कधी मूठभर खत घालत नाही, तरी ते दोन पुरुष उंच होऊन फुललेलं असतं. मी इतकं करते तरी याचं पोट भरत नाही. नक्की कसली कमतरता आहे? भाऊ फेब्रुवारीत गाडी घेऊन येतोय, त्याच्याबरोबर झाड परत पाठवून देऊ का? मला वाटतं, माझ्यासारखंच त्यालाही इथलं पाणी मानवलेलं नाही."

ताई,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्यातल्या तुमच्याविषयीच्या भागाबद्दल पुढे लिहिते. पण झाडापुरतं तुमचं निदान अगदी नेमकं आहे. अनंताला इथलं पाणी मानवलेलं नाही, हे शब्दशः खरं आहे. तुम्ही ते सहज लिहून गेलात आणि औषध मात्र भुकेचं करत राहिलात.

पिवळं पान दिसलं की आपल्या मनात पहिला शब्द येतो तो खत. लेकरू रडलं की त्याला भूकच लागली असणार, असं समजण्यासारखं आहे ते. कधी भूक असते, कधी पोट दुखत असतं, आणि पोट दुखत असताना भरवत राहिलं तर दुखणं वाढतं. म्हणून खताच्या डब्याला हात लावण्याआधी एकच गोष्ट पाहायची: पिवळेपणा कुठल्या पानापासून सुरू झाला? खालच्या जुन्या पानापासून, की शेंड्याच्या कोवळ्या पानापासून?

यामागचं कारण समजून घेतलंत तर तक्ते पाठ करावे लागणार नाहीत. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही झाडाच्या अंगात फिरणारी अन्नद्रव्यं आहेत. कमी पडली की झाड म्हाताऱ्या पानातून ती काढून नव्या फुटीला देतं, म्हणून लक्षणं आधी खालच्या पानांवर दिसतात. लोह, कॅल्शियम, बोरॉन, मंगल (मँगनीज) यांचं तसं नाही. ही एकदा एका पानात बसली की तिथून सहसा हलत नाहीत. पुरवठा थांबला की जुनी पानं आपल्या शिदोरीवर हिरवी राहतात आणि नवं पान उपाशी जन्माला येतं. गंधक आणि जस्ताचं रडगाणंही बहुधा वरच्याच पानांवर दिसतं.

तुमची शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या, खालची पानं हिरवीगार. हे लोहाचं लक्षण. आपल्या भागात ऊस आणि भुईमूग करणाऱ्यांना ते नवं नाही, "केवडा पडला" म्हणतात ते हेच. म्हणजे सासूबाईंचा खिळ्यांचा अंदाज बरोबर होता, हे त्यांना जरूर सांगा. चुकला तो फक्त रस्ता.

का चुकला ते सांगते. आपली काळी माती बेसॉल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची झालेली आहे. तिच्यात लोह भरपूर असतं. खिळे न पुरताही तुमच्या कुंडीत अनंताला आयुष्यभर पुरेल इतकं लोह आधीपासून होतं. पण मातीत चुनखडी असेल आणि तिचा सामू, म्हणजे पीएच, आठच्या आसपास असेल तर ते लोह पाण्यात विरघळतच नाही. सामू एका अंकानं वाढला की विरघळणारं लोह कित्येक पटींनी घटतं. घरात मंगळवेढ्याच्या मालदांडीची कणगी भरलेली आहे, पण दळायला गिरणी नाही, तसं झालंय. आणि आपण वरून आणखी ज्वारी ओततोय.

आता तुमच्या आईचं अंगण डोळ्यांपुढे आणा. जांभ्याची तांबडी माती, सामू साधारण साडेपाच-सहाच्या घरातला. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडून मातीतले क्षार आणि चुना दरवर्षी धुऊन जातो. विहिरीचं पाणी गोडं. झाडाखाली पडलेला पाचोळा कुजून माती आंबटच राहते. अनंताला नेमकं हेच लागतं. आई खत घालत नाही हे खरं, पण तिथली माती आणि पाऊस अनंताला हवं ते न मागता देतात. इकडे आपला पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. चुना मातीतून धुतला जात नाही, उलट उन्हानं पाणी उडून जातं आणि क्षार वर येऊन बसतात. त्यामुळे आई काहीच करत नाही आणि मी इतकं करते, ही तुलनाच मनातून काढून टाका. आईच्या आणि तुमच्या मायेत काही फरक नाही, फरक आहे तो मातीत आणि पाण्यात.

बोअरचं पाणी काय करतं ते तुम्ही रोज पाहता. स्टीलच्या बादलीच्या कडेला पांढरी रेघ, गीझरच्या कॉइलवर पापुद्रा, नळाच्या तोंडाशी खडबडीत खडा. तोच चुना पेल्यापेल्यानं तुमच्या कुंडीत जमतोय. त्यावर आरओचं बाहेर टाकलेलं पाणी. ही सवय चांगल्या मनानं लागलेली आहे. सोलापुरात पाण्याचा थेंब वाया घालवायला कुणाचाच जीव होत नाही. पण मशीन एक लिटर पिण्याचं पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर बाहेर सोडतं, आणि त्या एका लिटरातले क्षारही या बाहेरच्या पाण्यात येतात. म्हणजे बोअरच्या मूळ पाण्यापेक्षाही ते जड. पानांची टोकं करपलीत ती त्यामुळे. हे पाणी फरशी पुसायला, संडासात ओतायला, पायपुसणी भिजवायला वापरा. कुंडीत आजपासून एक तांब्याही नको. घरात पाणी मऊ करणारं सॉफ्टनर असेल तर तेही पाणी झाडांना नको. ते कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतं, आणि सोडियम कुंडीतल्या मातीचा चिखल करतो.

सिमेंटची कुंडीही चुना सोडते. दोन-चार वर्षांत जुनी झाली की कमी सोडते, पण अनंतासाठी ती पहिल्यापासून चुकीचीच. आणखी एक गोष्ट तपासा. उन्हाळ्यात गच्ची थंड राहावी म्हणून आपल्याकडे चुना मारतात. तसा मारला असेल आणि कुंडी उताराच्या बाजूला असेल, तर पहिल्या पावसाचं पाणी तो चुना घेऊनच कुंडीच्या बुडाशी साचतं.

माझ्या सांगण्यावर जाऊ नका, दोन परीक्षा घरीच करून पाहा. कुंडीतली चमचाभर माती वाळवून काचेच्या बशीत घ्या आणि तिच्यावर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर थेंब थेंब सोडा. कान जवळ न्या. मातीत चुना असेल तर बारीक चुरचुर ऐकू येते आणि सोड्यासारखे बुडबुडे वर येतात. मी हे पहिल्यांदा माझ्या जास्वंदीच्या मातीवर केलं तेव्हा बशीत फेस आला होता, आणि त्याच जास्वंदीला मी वर्षभर अंड्याची टरफलं कुटून घालत होते. टरफलं म्हणजे दुसरं काही नाही, चुनाच. कोकणात ती घातली तर कदाचित उपयोग होईल, सोलापुरात त्यांचं काही काम नाही.

दुसरी परीक्षा पानाची. कृषी सेवा केंद्रातून हिराकस आणा, म्हणजे फेरस सल्फेट. खडे फिकट हिरवे असले तरच घ्या, गंजून तांबूस झालेले काही कामाचे नाहीत. एक लिटर गोड्या पाण्यात दोन ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत्त्व विरघळवा. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, एका फांदीवरची तीन-चार पिवळी पानं कापसाच्या बोळ्यानं दोन्ही बाजूंनी पुसून घ्या आणि त्या फांदीला दोरा बांधून ठेवा. आठ-दहा दिवसांत जिथे बोळा फिरला तिथे हिरवे ठिपके, मग हिरवे पट्टे दिसू लागले तर लोहाचं निदान पक्कं. काहीच फरक पडला नाही तर पाण्यापेक्षा मुळांकडे संशय न्या. कुंडी आडवी करून झाड गोळ्यासकट सरकवून बाहेर काढा. मुळं पांढरी-पिवळसर आणि ताठ असतील तर ठीक. तपकिरी, लिबलिबीत, वास मारणारी असतील तर मुळं श्वासाविना गुदमरलीत, आणि अशी मुळं मातीत असलेलंही काही उचलू शकत नाहीत. हिराकसाचं पाणी फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचा डाग पडतो आणि तो निघत नाही.

आतापर्यंत जे जे घातलंत त्याचा हिशेबही मांडायला हवा, कारण ते मातीतच आहे. डीएपीत 18 टक्के नत्र आणि 46 टक्के स्फुरद असतं. दर पंधरवड्याला चमचाभर म्हणजे दहा-बारा इंची कुंडीसाठी फारच झालं, आणि साठलेलं स्फुरद लोहाला आणि जस्ताला आणखी अडकवून ठेवतं. पिवळेपणा मधेच वाढला असेल तर त्यात या चमच्याचा वाटा आहे. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियम कमी असतं तर खालच्या जुन्या पानांत शिरांच्या मधला भाग पिवळा झाला असता. तुमच्याकडे तसं काहीच नाही, मग ते घालून कॅल्शियम-पालाशाच्या वाटेत अडथळाच होतो. चहाचा चोथा दूध-साखरेचा असेल तर मुंग्या आणि बुरशी येते, धुऊन घातलात तर निरुपद्रवी. कांद्याच्या सालीच्या पाण्यानं नुकसान काही नाही, पण लोहाची तहान त्यानं भागत नाही. यात तुमची चूक अशी मी मानत नाही. तुम्हाला सगळ्यांनी औषधं सांगितली, पान उलटून कुणी पाहिलं नाही.

आता प्रश्न राहतो तो झाड ठेवायचं की पाठवायचं. मला तीन वाटा दिसतात. नुसती हिराकसाची फवारणी करत राहिलात तर पानं हिरवी दिसतील, पण पुढची फूट पुन्हा पिवळी येईल, कारण मुळांशी काही बदललेलं नाही. परत पाठवलंत तर झाड तिथे नक्की सुधारेल, पण तिथे त्याची आई उभीच आहे, त्याच झाडाची. तुमच्या दाराशी मात्र काही उरणार नाही. म्हणून मी तिसरी वाट सुचवते: माती बदला, कुंडी बदला, आणि या एका झाडाचं पाणी वेगळं करा. गच्चीवरच्या सगळ्या कुंड्यांसाठी हे करायची गरज नाही. मोगरा, बोगनवेल, सदाफुली, कण्हेर आपल्या पाण्यावर बरीच तग धरतात. गोड्या पाण्याचा लाड फक्त अनंताचा, आणि असेल तर इक्झोऱ्याचा.

भाऊ येतोय ही फार चांगली वेळ आहे. त्याला झाड न्यायला नको, माती आणायला सांगा. आईच्या अंगणातल्या अनंताच्या बुडापासून जरा लांबची, वरच्या वीतभर थरातली तांबडी माती, पाचोळ्यासकट एक पोतं. निवडताना मुळं आणि हुमणीच्या अळ्या काढून टाकायच्या. नुसती ती माती कुंडीत दगडासारखी घट्ट बसते, म्हणून चार वाटे कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), तीन वाटे ती माती, दोन वाटे कुजलेला पालापाचोळा, एक वाटा जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड असं मिश्रण करा. कोकोपीट आधी गोड्या पाण्यात दोनदा भिजवून पिळून घ्या, कच्च्या कोकोपीटमध्ये मीठ असतं. वाळूवरही व्हिनेगरचे थेंब टाकून पाहा, शंखशिंपल्यांची भेसळ असेल तर तीही चुरचुरते. कुंडी मातीची किंवा प्लॅस्टिकची, 12 ते 14 इंची, बुडाला मोकळी भोकं असलेली. ज्यांना कोकणातून माती आणणारं कुणी नाही त्यांनी नर्सरीतली लाल माती घ्यावी, मात्र विकत घ्यायच्या आधी तिथेच व्हिनेगरची परीक्षा करावी. लाल रंगाची म्हणून ती आंबट असेलच असं नाही.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत हे उरका. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपली की आपल्याकडे थंडी ओसरायला लागते, आणि मार्चमध्ये ऊन चढलं की मुळांना हात लावायचा नाही. काढताना जुनी माती बोटांनी हलकेच झाडा, निम्मी तरी निघाली पाहिजे. जिथे मुळं चिकटून बसलीत तिथे ओढू नका, गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून सोडवा. सासूबाईंचे खिळेही तेव्हा निघतील. नंतर आठ-दहा दिवस सावलीत, आणि खत कसलंही नाही.

पाण्याचं गणित तितकं अवघड नाही. कुंडीतल्या एका अनंताला उन्हाळ्यातही दिवसाला एक-दीड लिटर पुरतं. गच्चीच्या वीस चौरस मीटर भागावर दहा मिलिमीटर पाऊस पडला की दोनशे लिटर पाणी जमतं. पहिल्या पावसानं गच्ची धुऊ द्या आणि नंतरच्या पावसात एक झाकणाचं पिंप भरून घ्या, ते चार महिने जाईल. आपला जोराचा पाऊस सप्टेंबरात पडतो, ते पिंप दिवाळीनंतरही पुरवता येईल. मधल्या काळासाठी एसीच्या नळीखाली डबा ठेवा. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. एप्रिल-मेमध्ये आपली हवा कोरडी म्हणून ते कमी पडतं, जूनपासून भरपूर. आरओचं पिण्याचं पाणी झाडाला घालायला घरात कुणी नको म्हणत असेल तर त्यांचं चुकतं असं नाही. पण तुम्ही त्याचं नकोसं पाणी रोज ओतत होतात, त्याऐवजी आता चांगल्यातलं अर्धा लिटर मागितलं तर ते देतील असं मला वाटतं.

यातलं काहीच हाताशी नसेल तेव्हा बोअरचं पाणी आंबट करून वापरा. दहा लिटरला अर्धा चहाचा चमचा लिंबूसत्त्व घालून ढवळा आणि पीएचची कागदी पट्टी बुडवून पाहा. सहाच्या आसपास आलं की थांबा. साडेपाचच्या खाली नेऊ नका. यानं चुन्याचा जोर मोडतो, मीठ मात्र तसंच राहतं, म्हणून निम्मं गोडं पाणी मिसळलेलं चांगलं. पाणी घालताना कुंडीच्या बुडातून थोडं बाहेर वाहू द्या. घोटघोट घातलेलं पाणी क्षार मुळाशीच ठेवतं.

नवी पालवी दिसू लागली, म्हणजे तीन-चार आठवड्यांनी, लोह द्या. दुकानात चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रसायनात बांधून ठेवलेलं लोह, दोन प्रकारचं मिळतं. ईडीटीए हे 12 टक्क्यांचं, स्वस्त, आणि पानांवर फवारायला ठीक. चुन्याच्या मातीत घातलं तर टिकत नाही. ईडीडीएचए हे 6 टक्क्यांचं, गडद तांबूस, महाग, पण चुन्याच्या मातीतही लोहाला धरून ठेवतं. कुंडीत घालायचं ते हे. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही पालवीचा रंग पाहून. डाळिंबाच्या आणि द्राक्षाच्या बागांना हे सगळं लागतं, त्यामुळे आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रांत ते मिळतं, फक्त छोटी पुडी मागून घ्या. नत्रासाठी डीएपी सोडून अमोनियम सल्फेट वापरा, लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. ते मातीला थोडं आंबटही ठेवतं. एप्रिल-मेमध्ये तेही बंद. जुनी पिवळी पानं पुन्हा पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, त्यांच्याकडे पाहून निराश होऊ नका. नंतर फुटलेलं तिसरं-चौथं पान कसं आहे तेवढंच पाहा.

कळ्यांचं दुखणं निराळं आहे, त्याला खतात शोधू नका. अनंताला कळी पोसायला गार रात्री आणि दमट हवा लागते. आपल्या एप्रिलच्या रात्री तापलेल्या, हवा कोरडी, त्यात एक दिवस कुंडी सुकली की कळी खाली. कळ्या धरल्यावर कुंडी इकडची तिकडे हलवली तरी त्या गळतात. सकाळचं ऊन दहा-साडेदहापर्यंत आणि नंतर सावली, अशी पूर्वेची जागा कायमची द्या. मार्चपासून वर हिरवी जाळी बांधा. मातीवर पाचोळ्याचं आच्छादन घाला, आणि आजूबाजूला इतर कुंड्यांची दाटी करा म्हणजे हवेत थोडा ओलावा राहील. तरीही आईच्या अंगणातला अनंत जसा झाडभर फुलतो तसा हा फुलणार नाही, हे मी तुम्हाला आधीच सांगते. उन्हाळा चढायच्या आधी थोडी आणि पाऊस लागल्यावर थोडी, इतकी फुलं आली तर झाड सुखात आहे असं समजा.

ज्यांच्या घरी अनंत नाही पण कुंड्या पिवळ्या आहेत त्यांच्यासाठी थोडं. मोगरा सगळाच फिकट, खालची पानं आधी पिवळी होऊन गळतात, फूट खुंटली आहे, तर ते नत्र. शेंगदाण्याची पेंड दोन दिवस भिजवून, दहापट पाणी घालून पातळ करून द्या, आपल्याकडे तेलाच्या घाण्यावर ती ताजी मिळते. गुलाबाच्या खालच्या पानांत शिरा हिरव्या आणि मधे पिवळं, तर मॅग्नेशियम. तिथे एप्सम सॉल्ट लिटरला दोन ग्रॅम फवारून फरक पाहा. जुन्या पानांच्या कडा करपणं पालाशाचंही असतं आणि क्षारांचंही. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला तर आधी क्षार धरा, आणि पालाश घालण्याआधी कुंडी धुऊन काढा: कुंडीच्या तिप्पट पाणी हळूहळू वरून सोडायचं. हे काम पाण्याच्या टंचाईत करू नका, जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात कुंड्या उघड्यावर ठेवल्या की फुकट होतं. बोगनवेलीला नुसती पानंच येत असतील तर तिला खत कमी करा, वाढवू नका. जास्वंदीच्या कळ्या गळत असतील तर पान उलटून आणि कळीच्या देठाशी पांढरा पिठ्या ढेकूण, मावा आहे का ते भिंगानं पाहा. निम्म्या वेळा तोच निघतो. बोरॉन अंदाजानं कुणीही घालू नये, कमी पडणं आणि जास्त होणं यांत फार थोडं अंतर आहे. पुष्कळ कुंड्या असतील तर जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात माती आणि बोअरचं पाणी दोन्ही तपासून घ्या, आणि सामू, क्षारता आणि चुनखडी हे तीन आकडे मागा.

आता तुमच्याविषयीचं. सहा वर्षांत तुम्हाला इथे काय जड गेलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी अंदाज बांधत नाही. एवढंच म्हणते की या झाडाच्या पिवळ्या पानांत स्वतःला वाचू नका. पत्रात मला एका कुंडीमागे लागलेली तीन माणसं दिसली. एकीनं खिळे पुरले, एकानं दुकान गाठून पुडी आणली, एकीनं टरफलं कुटली. त्या घरात तुम्हाला जे बोलायचं आहे ते ऐकणारं कुणी असेल असं मला वाटतं. नसेल तर वेगळं पत्र लिहा, त्याचं उत्तर मी छापणार नाही, पाठवीन.

भावाला आजच फोन करा, म्हणजे माती भरायला त्याला वेळ मिळेल. त्या पोत्याबरोबर आईच्या झाडाच्या पेन्सिलएवढ्या जाडीच्या चार-पाच फांद्याही मागवा, ओल्या फडक्यात गुंडाळून, वर प्लॅस्टिकची पिशवी. फेब्रुवारी ही त्या रुजायची खरी वेळ नव्हे, त्यातली एखादी लागली तर लागली. जुलैमध्ये मात्र पुन्हा मागवायच्या, आणि त्या त्याच तांबड्या मातीत, सावलीत लावायच्या. त्यासाठी पोत्यातली दोन घमेली माती आधीच बाजूला काढून ठेवा.